डोंगरावरून शेवटी उतरणारी

अपर्णाने पॅरामॅटा शहरातली आयटीची नोकरी सोडून डोंगरावर स्की पॅट्रोलची धरली, तेव्हापासून तिचे वडील धर्मपाल टूनगॅबीतल्या आपल्या वस्तीत सगळ्यांना सांगत आले, "मुलगी स्की रिसॉर्टवर मॅनेजर आहे." पुढचा प्रश्न यायच्या आत ते चहाचा विषय काढत. अपर्णाला हे ठाऊक होतं आणि मनाला लागतही होतं.

अहो, मॅनेजर काय, छप्पन मिळतील! ही पोरगी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी वर जाते, धोक्याच्या जागी दोर बांधते, पाय मोडून पडलेल्याला खाली आणते. आणि डोंगर तरी केवढा! पायथ्याशी नवशिक्यांचं पसरट मैदान, बर्फ फवारणाऱ्या तोफा, दवाखाना. मध्ये रुंद, सरळ उतार. वर स्नो गमच्या झाडांतून निघणारे काळ्या पाटीचे, म्हणजे सगळ्यात अवघड उतार. शिखराजवळ हॉटेल आणि तिथवर खुर्च्यांची लिफ्ट.

या ऑगस्टमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, धर्मपाल पहिल्यांदाच आले. स्की न येणाऱ्यांनी लिफ्टने वर जायचं, चहा प्यायचा आणि लिफ्ट बंद व्हायच्या आत तिच्यातच बसून खाली यायचं, असा नियम. पण वेळ झाली तरी धर्मपाल हॉटेलच्या बाकावरून हलेनात. अपर्णा युनिव्हर्सिटीत असताना तिची ट्रेन येईपर्यंत ते स्टेशनवर थांबत. मुलीला मागे ठेवून बाप पुढे निघतो की काय? लिफ्टवाला फारच मागे लागला, तेव्हा त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं.

लिफ्टवाल्यामार्फत ते थेट पॅट्रोलच्या सगळ्या वॉकीटॉकींवर पोचलं. "वर एक इंडियन गृहस्थ आहेत. खुर्चीत बसत नाहीत. म्हणतात, माय डॉटर इज मॅनेजर हिअर."

कोणीतरी खो खो हसलं. अपर्णाचे कान तापले. इथेसुद्धा? तिच्याच डोंगरावर, तिचा पॅट्रोलचा लाल कोट सकाळी डोळ्यांनी पाहिल्यावरही?

ती शेवटच्या खुर्चीने वर पोचली आणि लिफ्ट बंद झाली. रोज संध्याकाळी पॅट्रोलवाले उतार वाटून घेतात आणि कोणी मागे राहिलं का, हे हाका मारत बघत खाली येतात. अपर्णाने वडिलांना जखमींच्या घसरगाडीत आडवं केलं आणि पट्टे आवळले.

"अगं, मी धडधाकट आहे!"

"मॅनेजरचे वडील ना तुम्ही? झोपा गुपचूप."

दांडे धरून ती निघाली. धर्मपालांनी डोळे गच्च मिटले, पण गाडी जरासुद्धा डगमगली नाही. मध्येच थांबून अपर्णा झाडांकडे ओरडली, "क्लोजिंग! एनीवन देअर?" आणि कान देऊन उभी राहिली. थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच.

"कोणी नाहीये, चल की."

"आणि असलं तर? रात्रभरात गोठून जाईल, पप्पा."

पुढच्या वळणावर ती थांबली, तेव्हा पट्ट्यांतून मान वर काढून धर्मपालही ओरडले, "कोणी आहे का रे?"

अपर्णाला हसू आलं आणि रडूही. तिने गॉगल काही काढला नाही.

खाली पोचून पट्टे सुटताच धर्मपालांनी फोन लावला तो मित्राला, बाळला. टूनगॅबीत बातमी पसरवण्यात बाळचा हात कोणी धरत नाही.

"जय भीम, बाळ. ऐक, आपली अपू मॅनेजर-बिनेजर नाही. स्की पॅट्रोलर आहे. सगळ्यांच्या शेवटी उतरते. ती खाली आली, की समजायचं वर कोणी राहिलं नाही. काय? हो, हो. सगळ्यांना सांग."