कौसाबाईचे सहा पत्रे

कौसाबाईच्या पुढ्यात कुणी उभ्याने खायला लागलं, की ती त्याच्या हातातली जर्मनची ताटली काढून घ्यायची. मग तो एस.टी.चा कंडक्टर असो, शाळामास्तर असो, की कोर्टाच्या कामाला आलेला एखादा पाटील. "बस आधी," म्हणायची. "गाडी चुकली तर दुसरी यील. उभ्यानं गिळल्यालं अंगी लागत न्हाई." खाली पोतं अंथरलेलं असायचं. माणूस मुकाट्याने बसायचा, मग ताटली परत मिळायची आणि न मागता वर ठेच्याचा एक गोळा पडायचा.

मीही तसाच बसलो होतो, पण मी जेवायला गेलो नव्हतो. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपालिकेच्या परवाना विभागात कारकून होतो. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. शिपाई रजेवर असल्यामुळे स्टँडसमोर विनापरवाना खाद्यपदार्थ विकल्याची नोटीस घेऊन मलाच तिच्याकडे जावं लागलं.

"लेकरा, जेवलास का?" तिने विचारलं.

"मावशी, ही नोटीस आहे."

"आसू दी की. ती काय नासती व्हय? भाकरी गार व्हती."

मी जेवलो. मग तिला नोटीस वाचून दाखवली. तिने शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "मग परवाना काडायला काय करावं लागतं, ते सांग." माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला. बाकीचे विचारायचे, कुणाला भेटावं लागतं?

साल बहात्तर-त्र्याहत्तर. दुष्काळाचं. कौसाबाई कर्जतकडच्या एका खेड्यातली, चाळिशी ओलांडलेली. ती आणि तिचा नवरा भिवा आमच्या गावाजवळ खडी फोडायच्या कामावर आले होते. तिथे तिचा डावा हात दगडाखाली सापडला आणि दोन बोटं कायमची वाकडी झाली. हातोडी धरता येईना. "पन भाकरी थापाया येती," ती म्हणाली आणि स्टँडसमोरच्या लिंबाखाली तिने चूल मांडली. रेशनवर तेव्हा मिलो मिळायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्याचं पीठ एकत्र धरत नाही, भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटते. ती उकळत्या पाण्यात पीठ मळायची आणि त्या वाकड्या बोटांनी अशी भाकरी फिरवायची, की बघत राहावं. सोबत पिठलं, ठेचा, फोडलेला कांदा. कामावरचे मजूर, खेड्यापाड्यांतून दवाखान्यात आलेली माणसं, ड्रायव्हर, सगळे तिच्याकडे बसू लागले.

समोरच एक हॉटेल होतं. ते परवाना समितीच्या सभापतींच्या मेव्हण्याचं. तिथली माणसं रस्ता ओलांडून लिंबाखाली यायला लागली, तेव्हा कुठे नगरपालिकेला सार्वजनिक आरोग्याची आठवण झाली.

मी तिचा अर्ज लिहून दिला. पहिल्या बैठकीत समितीने आरोग्याचा दाखला मागितला. सरकारी दवाखान्यात दोन दिवस रांगेत उभी राहून तिने तो आणला. "नखं बगितली, जीब बगितली, डोळं बगितलं," ती हसत म्हणाली. "आता म्हनावं आतलं काळीज बी बगा." दुसऱ्या बैठकीत समितीने ठरवलं, की उघड्यावर अन्न विकणे आरोग्यास घातक असून, छप्पर असल्याशिवाय अर्जाचा विचार करता येणार नाही. ते पत्र माझ्या अक्षरातलं. मीच तिला ते वाचून दाखवलं.

"मंजी छप्पर घातलं की देनार?"

"तसंच दिसतंय, मावशी."

असं म्हणायला माझ्याजवळ काय आधार होता? काहीच नाही. कागद नीट वाचला असता, तर त्यात 'देऊ' हा शब्द कुठेच नाही हे मला दिसलं असतं. पण मला वाटलं, सरकारी माणसं एक सांगून दुसरं कशाला करतील! मी चोवीस वर्षांचा होतो, आणि मूर्ख होतो.

चार दिवस चूल बंद होती. पाचव्या दिवशी कर्जतची गाडी आली, तिच्या टपावर सहा पत्रे बांधलेले. भिवा वर, कौसाबाई खाली, आणि खाली उभी राहून ती कंडक्टरलाच दटावत होती, "हळू काड, वाकवू नगंस." पत्रे जुने होते. एकावर चुलीच्या धुराचा काळा पट्टा होता.

"मावशी, घराचे पत्रे काढले?"

"मग नवं कुटून आनू? आन पाऊस कुटाय घर भिजायला? परवाना मिळू दी. मिरगाच्या आत दुसरं बगू."

चार बांबू रोवून, गावातल्या एका सुताराला दोन वेळचं जेवू घालून तिने छप्पर उभं केलं. चुलीभोवती शेणाने सारवलं. पाण्याच्या माठावर झाकण ठेवलं. मला बोलावून विचारलं, "आता कशात चूक न्हाई ना?" मी सगळीकडे पाहिलं. खरंच कशात चूक नव्हती.

तिसऱ्या बैठकीला तिला समक्ष बोलावलं होतं. पाच सभासद, मुख्याधिकारी आणि इतिवृत्त लिहायला मी. पाचांतले दोघे तिच्या पोत्यावर बसून जेवलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्या दिवशी ते दोघेही खिडकीबाहेर बघत होते.

सभापती म्हणाले, "बाई, तुम्ही छप्पर घातलंत. म्हणजे बांधकाम झालं. सार्वजनिक रस्त्यावरचं बांधकाम म्हणजे अतिक्रमण. अतिक्रमणाला परवाना कसा देणार?"

"तुमीच सांगितलं की, छप्पर घाल."

"छप्पर नसेल तर विचार करता येणार नाही, असं कळवलं होतं. घाला, असं कुठे म्हटलंय?"

तिने पदराच्या गाठीतून माझं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. "मंजी छप्पर न्हवतं म्हून न्हाई, आन छप्पर हाय म्हून बी न्हाई?"

एक सभासद हसला. त्याचं बघून दुसरा हसला. मग सगळेच हसले, मुख्याधिकारीसुद्धा. तिने मुद्देसूद प्रश्न विचारला होता आणि सहा मोठी माणसं त्याला हसत होती. ती हसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मी इतिवृत्तात लिहिलं, 'अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतले. अर्ज नामंजूर.' पन्नास वर्षं झाली. त्यातल्या पहिल्या वाक्याची मला दुसऱ्यापेक्षा जास्त चीड येते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नगरपालिकेचा ट्रक स्टँडवर गेला. कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर. पत्रे ट्रकमध्ये फेकल्याचे आवाज मला खुर्चीत बसून ऐकू आले. मी सहाही आवाज मोजले आणि उठलो नाही. नंतर कळलं, की पिठल्याचं पातेलं त्यांनी लाथेने उलटं केलं होतं आणि तवाही नेला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती कचेरीत यायला लागली. पत्रे परत द्या, एवढंच मागणं. मुख्याधिकारी म्हणायचे, उद्या या. ती उद्या यायची. दारापाशी भिंतीला टेकून बसायची, कचेरी सुटली की जायची. अशातच आमच्या सायकली उन्हात तापतात म्हणून आवारात मागच्या बाजूला एक शेड उभी राहिली. सगळ्या कर्मचाऱ्यांना आनंद झाला. मी माझी सायकल लावायला गेलो आणि वर पाहिलं. धुराचा काळा पट्टा असलेला पत्रा माझ्या बरोबर डोक्यावर होता.

मी सायकल तिथेच लावली. त्या दिवशी, आणि पुढचे पंधरा-वीस दिवस.

मृगाला आठवडा राहिला असेल. सकाळी अकराच्या सुमारास ती भिवाला घेऊन आली. या वेळी दारापाशी न बसता ती तडक मागच्या बाजूला गेली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. आधी तिने आमच्या सायकली एकेक करून बाहेर काढल्या आणि नीट भिंतीला टेकवून ठेवल्या. मग भिवाच्या हातातली पहार घेतली आणि पहिला खिळा उपटला.

मुख्याधिकारी धावत बाहेर आले. "ए बाई! सरकारी मालमत्ता आहे ती!"

"सरकारी?" तिने हात थांबवला नाही. "ह्यो पट्टा बगा. माझ्या चुलीचा धूर हाय ह्यो. सरकारनं कवा सैपाक केला माझ्या घरात?"

फौजदार आले तोवर चार पत्रे खाली उतरले होते. त्यांनी तिला बाजूला बसवलं आणि मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, "जप्तीचा माल आहे ना? मग पंचनामा दाखवा. गुन्हा नोंदवतो."

मुख्याधिकाऱ्यांनी मला आत नेलं. रजिस्टर माझ्यापुढे ढकललं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लिहा. मागची तारीख टाका."

मी पेनचं टोपण काढलं, हेही सांगायला हवं. पेन कागदावर टेकलंसुद्धा. समोर खिडकीतून ती दिसत होती. जमिनीवर बसून वाकलेला पत्रा गुडघ्याने दाबून सरळ करत होती. मी पेन बंद केलं, बाहेर आलो आणि फौजदारांना म्हणालो, "साहेब, जप्तीची नोंदच नाही. पंचनामा झालेला नाही."

फौजदारांनी कपाळाचा घाम पुसला. असल्या भानगडीत त्यांना उन्हात उभं राहायचं नव्हतं. "मग मला कशाला बोलावलंत?" मुख्याधिकाऱ्यांना एवढंच विचारून ते निघून गेले. उरलेले दोन पत्रे भिवाने काढले.

संध्याकाळच्या कर्जतच्या गाडीच्या टपावर पत्रे चढले. मी स्टँडवर गेलो होतो. का गेलो, ते कबूल करतो. ती काहीतरी चांगलं बोलेल, असं वाटलं होतं.

"सायेब," ती म्हणाली. आजवर तिने मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. "आज तुमी खरं बोललात. बरं केलं. पन टरक आला हुता, तवा तुमी कुटं हुता?"

"कचेरीत होतो, मावशी."

"मंजी हितंच हुता."

ती गाडीत चढली. बाईमाणसांच्या बाकावर बसली आणि खिडकीची फळी खाली ओढून घेतली. तिचा राग त्या सभापतींवर जेवढा होता, तेवढाच माझ्यावर होता, आणि तो वाजवी होता. माझा स्वतःवरचा राग मात्र मी कितीतरी वर्षं त्या पाच जणांवर ढकलत राहिलो. त्यांच्या वाट्याचा होताच, पण सगळा नव्हता.

आठ दिवसांत माझी बदली जकात नाक्यावर झाली. नंतर कुणीतरी सांगितलं, की कौसाबाई कर्जतच्या बाजारात भाकरी विकते, तिथे तिला कुणी काही विचारत नाही. मी तिला भेटायला गेलो नाही. तोंड नव्हतं.

दोन वर्षांनी मला परवाना विभागात परत घेतलं. आल्या आल्या पहिला अर्ज सभापतींच्या मेव्हण्याच्या त्या हॉटेलचा होता. लिंबाखालची जागा त्यांना हवी होती, गिऱ्हाइकांना बसायला पत्र्याची शेड घालून. अर्ज एकाच बैठकीत मंजूर झाला. अतिक्रमणाचा शब्द कुणी काढला नाही. परवाना मी लिहिला, वळणदार अक्षरात, कारण माझं अक्षर चांगलं म्हणून गावभर नाव होतं. त्यांनी तो काचेच्या चौकटीत घालून गल्ल्याच्या वर लावला. मी निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. त्या हॉटेलात मी एकदाही चहा प्यायलो नाही. माझी बहादुरी ती एवढीच.