तबकडीत न मावलेला आवाज

लढाईवर जायच्या आधी माझ्या नवऱ्यानं सांगलीहून फोनो आणला, आणि त्याच्याबरोबर एका नाटकातल्या गवयाच्या तीन तबकड्या. ह्यांनी त्या गवयाला सांगलीच्या थिएटरात पिटात बसून ऐकलं होतं, आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला होता. नांगर धरला तरी तोंडात तीच पदं. स्वतःचा आवाज फाटका, पण हौस दांडगी.

पाटणजवळच्या आमच्या गावात फोनो लागला की माणसं दाराबाहेर उभी राहायची. गवई वरच्या सुरात गेला की फळीवरच्या डब्याचं झाकण थरथरायचं. मला वाटायचं, ह्याहून मोठा आवाज असूच शकत नाही. हे हसायचे. "तबकडीत मावत न्हाई गं त्यो आवाज," म्हणायचे, "परत आलो की सांगलीला न्हेतो. खरा ऐक." पद संपलं की स्वतःच "वन्स मोर" ओरडायचे, स्वतःच चावी द्यायचे आणि सुई पुन्हा कडेला ठेवायचे. सासरे वैतागायचे. घरात बसून वन्स मोर कुणाला देतोस, म्हणून विचारायचे.

मग हे तोफखान्यात गेले. मागं मी त्या तबकड्या फार वाजवल्या. सुरुवातीला रडू यायचं, पुढं तेही यायचं थांबलं. पद लागायचं, संपायचं, मी उठून भाकरी थापायला बसायची. बायका म्हणायच्या, धीराची आहे हो. कसला धीर! आत काही हलतच नव्हतं.

लढाई संपली आणि हे परत आले. हातपाय धड होते. पण बोलायचे ते ओरडून, आणि हाक मारली तर ओ नाही. सासरे म्हणाले, पलटणीत जाऊन माज आलाय. मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं वाट पाहिली ती ह्या माणसाची का, असंही वाटून गेलं.

त्याच आठवड्यात शेजारची माणसं जमली आणि फोनो लावा म्हणाली. लढाईच्या दिवसांत पोलादी सुया मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून मी बाभळीचा काटा घासून सुईच्या जागी बसवत असे. काट्यावर आवाज अगदी बारीक यायचा. माणसं फोनोला चिकटून, कान पुढं करून बसली. हे मात्र पार दाराशी भिंतीला टेकून, तबकडीवर नजर लावून. काटा तबकडीच्या मधल्या गोल कागदापाशी पोचला आणि हे ओरडले, "वन्स मोर!" सगळ्यांना बरं वाटलं. मग म्हणाले, "काय आवाज हाय गड्या! घर दणाणलं."

फळीवरचं झाकणसुद्धा हललं नव्हतं. सासऱ्यांना ती थट्टा वाटली, ते उठून गोठ्यात गेले. मी ह्यांच्या मागं जाऊन हाक मारली. मग जोरात मारली. मान वळली नाही.

माणसं गेल्यावर मी समोर बसले आणि ओठ सावकाश हलवत विचारलं, ऐकू येत नाही का. हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तोफांनी न्हेलं समदं. आबास्नी सांगू नगं." मी मान हलवली आणि चूल पेटवायला गेले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता सांगली राहिली, एवढंच मनात आलं. सासऱ्यांना पुढं आपोआप कळलं. तेव्हापासून ते ह्यांच्या समोर येऊन बोलायला लागले.

पण हे सांगली विसरले नव्हते. त्याच गवयाचं नाटक लागल्याची जाहिरात ह्यांनीच कुठंतरी वाचली. मी हातानंच नको नको म्हटलं. "तू ऐक," म्हणाले. "मी तुझ्याकडं बघतो."

कराडपर्यंत मोटार, तिथून मिरजेवरून रेल्वे. रविवारचा दुपारचा खेळ होता. बायकांची बाकं वेगळी, मध्ये वाट. हे पुरुषांच्या बाकाच्या टोकाला बसले, माझं तोंड दिसेल असे. गवई आता म्हातारा झाला होता, पोट सुटलं होतं. पण त्यानं तोंड उघडलं आणि माझ्या खालचं बाक थरथरलं. ह्यांचं खरं होतं. तो आवाज तबकडीत मावणारा नव्हता. आणि माझ्या आत तरीही काही हललं नाही.

मी वाटेपलीकडं पाहिलं. हे रंगमंचाकडं बघतच नव्हते. गवयाचा आवाज माझ्या तोंडावर शोधत होते, आणि माझं तोंड कोरडं ठाक. मला त्या माणसाची दया आली, आणि स्वतःची चीड.

पद संपलं. थिएटर वन्स मोरनं उठलं. मी बायकांच्या बाकावरून उभी राहिले, ह्यांना दिसावं म्हणून जबडा फाकून ओरडले, "वन्स मोर!" शेजारणीनं माझा पदर ओढला. ह्यांना ते दिसलं. ह्यांचा चेहरा उजळला आणि हेही उठून उभे राहिले. पण तोवर गवयानं पद पुन्हा धरलं होतं, सगळं थिएटर चिडीचूप झालं होतं. त्या शांततेत हे एकटेच ओरडायला लागले, त्याच फाटक्या आवाजात. माणसं गप्प बसा म्हणत होती, कुणी हाताला धरून खाली ओढत होतं. हे माझ्याकडं बघत ओरडत होते.

मी गप्प बसायची खूण केली नाही. गवयाचं पद मला पुढं ऐकूच आलं नाही. ह्यांचा आवाज तेवढा आला, आणि इतक्या वर्षांनी मी रडले. रडत रडत ह्यांना दिसेल अशी मान हलवत राहिले.