पुंडलिकराव आणि रबराचा चौथा तुकडा

पुंडलिकराव मूळचे अल्लीपूरचे. अर्धं आयुष्य त्यांनी विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. माझ्या यजमानांनी आर्वीकडच्या धरणावर नौका मंडळ काढलं आणि मुंबईहून एक जुनी बोट आणली, तेव्हा तिच्यासाठी त्यांना बोलावून घेतलं. पाण्यावर फळ्यांवर उभ्या राहिलेल्या माणसाला दोरीनं ओढत नेणारी ती बोट; इंजिन तिच्या पोटात, मधोमध. तेव्हापासून पुंडलिकराव आणि त्यांची बायको पंचफुला शेडमागच्या खोलीत राहत. यजमान गेल्यावरही मी दर रविवारी तिथे जात राहिले आणि तिथलं सगळं डायरीत लिहीत राहिले.

२०२३च्या ऑक्टोबरात बोट तापू लागली. तापमानाचा काटा लाल रेघेवर जायचा आणि झाकणाखालून वाफ निघायची. मंडळाचा नवा सचिव धनंजय म्हणाला, "काका, शुक्रवारी बारा वाजता मी सोता बसतो. बेटापर्यंत दोन फेऱ्या. नाई तापली तर राहू द्या. तापली तर भंगारात, अन् नव्या बोटीले कंपनीचाच मेकॅनिक येईल."

म्हणजे खोलीही गेली. पुंडलिकराव अडुसष्टचे. लेक सपना सिंदीला दिलेली, पण जावयाच्या दारी जाऊन राहण्याचा विषय काढला की ते जेवणावरून उठत.

या बोटीला रेडिएटर नाही. पंप तलावातलं पाणी ओढतो, ते इंजिनाभोवती फिरतं आणि धुरासोबत मागून बाहेर पडतं. पुंडलिकरावांनी तळाची जाळी काढून शेवाळ साफ केलं. पट्टा ताणला. इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून पाहिला. तो नीट उघडत होता. तरी बोट तापलीच.

बुधवारी ते माझ्या घरी आले आणि उंबऱ्यातच बसले.

"बाई, तुमच्या डायरीत पाहा बरं. पयल्यांदा कवा तापली?"

"२९ ऑक्टोबर, रविवार," मी वाचलं.

"त्याच्या आंधी कवा चालू केलती?"

मी पानं उलटली. २४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा. इंजिनाची पूजा. पंचफुलाच्या हातात ताट. मी दोन आरत्या म्हटल्या.

"तवा बोट पाण्यात नोती," ते म्हणाले. मग मलाही आठवलं. दरवर्षी पूजा धक्क्याला बांधलेल्या बोटीत होई. त्या वर्षी रंग द्यायचा म्हणून बोट काठावर, ट्रॉलीवर होती. नारळ फोडून इंजिन सुरू करायचं आणि आरती संपेपर्यंत बंद करायचं नाही, ही पुंडलिकरावांची अल्लीपूरपासूनची रीत. विहिरीवरचं इंजिन ते सहन करतं. या पंपात मात्र रबराची चक्री असते. पाणी नसेल तर ती घासून जळते.

"दोन आरत्या," ते म्हणाले. "मीच उभा होतो हात जोडून."

त्याच दुपारी त्यांनी पंप उघडला. चक्रीच्या सहा पात्यांपैकी दोनच उरली होती. शेडमध्ये एक नवी चक्री होती, ती बसवली. तुटलेली पाती पाण्यासोबत आत गेलेली. ती शोधायला एकेक नळी काढावी लागली. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तीन तुकडे फडक्यावर ठेवले होते.

"चौथा नाई सापडत," ते म्हणाले. "तेल थंड कराच्या कूलरमागची नळी राह्यली. ते काढून सारं पुन्हा जोडाचं म्हणजे उद्या दुपार होते."

"तो मागून पाण्याबरोबर बाहेर पडला असेल," मी म्हणाले. मला यातलं काहीही कळत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पडला असन," असं म्हणून ते नळ्या परत जोडायला लागले.

शुक्रवारी पहिली फेरी छान झाली. काटा मध्यावर होता. धनंजय म्हणाला, "काका, तुम्ही तर हिले जवान केलं." पंचफुला काठावर हसली. दुसऱ्या फेरीत बेटाला वळसा घालताना बोट थांबली. आम्हाला दुरून आधी वाफ दिसली, आवाज बंद झालेला नंतर कळला. दुसरी नाव पाठवून तिला ओढत आणावं लागलं.

धनंजय निघायच्या तयारीत होता. पुंडलिकराव गरम इंजिनाला फडकं लावून ती शेवटची नळी काढू लागले. हात भाजला तरी थांबले नाहीत. नखाएवढा तुकडा निघाला. तो तळहातावर घेऊन, "चक्रीचं पातं, नळीत अडकलं होतं," म्हणत ते धनंजयसमोर उभे राहिले.

धनंजयने तो बोटाने उलटून पाहिला. "एवढ्यानं? मंग तर मशीन चांगलीच हाये, काका. चक्रीच जुनी झालती ना?"

'हो' एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते आणि ते हो म्हणतील असं मला वाटलं.

"चक्री चांगली होती," पुंडलिकराव म्हणाले. "मी दसऱ्याले कोरडी चालवली. मह्या हातानं गेली."

"काका," धनंजय म्हणाला, "हे मी कमिटीले कसं सांगू? तुमच्यापाशी मशीन ठेवाची कशी मंग?"

"तेच सांग," ते म्हणाले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोली रिकामी करून ते दोघं सिंदीला लेकीकडे गेले. मी बसस्टँडवर पोचवायला गेले होते. माझ्या दोन आरत्यांबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मीही नाही.