लागली का बोट?

ड्रायव्हरला गाडी लागते, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. शिंप्याला सुई बघून घेरी येते म्हणावं, तसलाच प्रकार. पण आमच्या या गृहस्थाचं अगदी तसंच होतं. उभी हयात लांब पल्ल्याची बस चालवली. घाटातली वळणं अशी घ्यायचा की मागच्या सीटवरच्या म्हातारीची डुलकी मोडायची नाही. डेपोत त्याचं नावच ‘अलगद’ पडलं होतं. हातात स्टिअरिंग असलं की हा वाघ. पण त्यालाच शेजारच्या सीटवर बसवा; दुसऱ्या वळणाला चेहरा पांढराफटक, तिसऱ्याला डोकं खिडकीबाहेर.

ही गोष्ट त्यानं कुणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. बायकोच्याही नाही. लग्नकार्याला जायचं तर हा आधीच किल्ली मागून घ्यायचा, “मी चालवतो, तुम्ही बसा आरामात.” सगळे म्हणायचे, काय तरी स्वभाव आहे बुवा, सुट्टीतसुद्धा कष्ट. आणि बायकोनं कुठं लांब जाऊ म्हटलं की याचं ठरलेलं, “रोज तेच करतो, परत सुट्टीत तेच?” ती बिचारी बहिणीबरोबर जाऊन यायची. परत आल्यावर फोटो दाखवायची, हा चष्मा लावून बघायचा आणि “छान” म्हणायचा.

बायको एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. खिडकी नसलेल्या खोलीत बसून जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले तिनं. ती रिटायर झाली, आणि त्याच आठवड्यात जेवता जेवता म्हणाली, “मी बोटीची दोन तिकिटं काढलीत. मोठी नदी आहे, चार देशांतून जाते. आपण दोघं जायचं.”

“अगं, विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. आणि तिकीट रद्द होत नाही.”

अलगदचं धाबं दणाणलं. दुसऱ्या दिवशी तो आपलं नेहमीचं दुकान सोडून दोन गल्ल्या पलीकडच्या औषधवाल्याकडे गेला आणि हळूच म्हणाला, “प्रवासात उलटी होते, त्यावर काहीतरी द्या. माझ्यासाठी नाही.”

“लहान मूल आहे का? वय किती?”

“एकसष्ट,” अलगदच्या तोंडून निघून गेलं. औषधवाल्यानं मान वर न करता मोठ्या माणसाच्या गोळ्या दिल्या.

बोट म्हणजे काय विचारता! पायाखाली गालिचे, डोक्यावर झुंबरं, पांढरे हातमोजे घातलेले वाढपी. खोलीतल्या पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हंस. बायको त्या हंसाला हातसुद्धा लावू देईना. नदीतली बोट हलत नाही, असं कंपनीच्या बाईनं तीनतीनदा सांगितलं होतं. पण अलगदच्या पोटाला ते कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा कुणीतरी चालवतोय आणि आपण नुसते बसलोय, एवढं त्या पोटाला पुरेसं होतं.

पहिला देश गोळ्यांनी खाल्ला. गोळी घेतली की उलटी थांबायची, पण माणूसही थांबायचा. बायको हलवायची, “अहो, किल्ला बघा, केवढा उंच!” हा डोळे न उघडता म्हणायचा, “पुढचा बघू.” पुढचाही गेला. शेवटी ती एकटीच डेकवर जाऊन बसली. शेजारी रिकामी खुर्ची. परक्या देशात येऊनही तेच, असं तिच्या मनात आलं असणार. संध्याकाळी खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा एवढा उतरला होता की अलगदनं उरलेल्या गोळ्या गुपचूप कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. पोटाचं काय व्हायचं ते होवो, पण आता जागं राहायचं.

दुसऱ्या देशात जागा होता, पण जेवणाच्या टेबलावर सात प्रकार समोर आले आणि त्यानं कोरडा पाव चघळत कपाळाचा घाम पुसला. बायको हळू आवाजात म्हणाली, “एवढं तोंड वाकडं करून बसायचं होतं तर यायचंच नव्हतं.” याला बोलायचं होतं. पण तोंड उघडलं तर आधी शब्द बाहेर पडतील की पाव, याची खात्री नव्हती.

तिसऱ्या देशात समोरून एक मोठं जहाज गेलं, पाणी डचमळलं आणि अलगद न्हाणीघराकडे धावला. जाता जाता हाताला लागला तो हंस घेऊन गेला. त्या हंसाचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

बायको डेकवरून परत आली. बोट धक्क्याला लागणार होती, गाईड खाली सगळ्यांना गोळा करत होता, आणि याचा पत्ता नाही. न्हाणीघराचं दार बंद. तिनं खिडकीतून काठ दिसतोय का बघितलं, काही कळेना. आत छोटी गोल खिडकी आहे, तिच्यातून धक्का दिसतो, हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं दारावर टकटक केली.

“अहो, लागली का बोट?”

 अलगद भिंतीला टेकून खाली बसला होता, हातात तो हंस. आपलं पितळ उघडं पडलं. हिला कळलं. आता लपवून काय करायचं?

“लागली,” तो आतून म्हणाला. “पहिल्या दिवसापासून लागली आहे. आजची गोष्ट नाही, मला गाडीसुद्धा लागते. जन्मभर लागते. स्वतः चालवली तरच लागत नाही. ड्रायव्हरनं हे कुणाला सांगायचं गं? म्हणून तुझ्याबरोबर कुठं आलो नाही. कंटाळा वगैरे सगळं खोटं होतं.”

बाहेर पलंग करकरला. मग ती म्हणाली, “मी धक्क्याला लागली का विचारत होते.”

अलगदनं दार उघडलं. बायको पलंगाच्या कडेवर बसली होती. आधी तिला हसू फुटलं, असं की हातातली पर्स खाली पडली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

“मला वाटायचं, माझ्याबरोबर हिंडायची तुम्हाला लाज वाटते,” ती म्हणाली. “कधीकधी तर वाटायचं, दुसरी कुणी आहे. आणि सवत निघाली ती तुमची उलटी.”

 तो तिच्याजवळ बसायला गेला, तर ती म्हणाली, “आधी तोंड धुवा.” आणि स्वतः उठून त्याला पाणी दिलं. गाईड आणि मंडळी शहर बघायला निघून गेली. ही दोघं मागाहून उतरली आणि कुणीही चालवत नसलेल्या पक्क्या जमिनीवर अंधार पडेपर्यंत पायी फिरली. चौथा देश त्यानं डेकवर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून पाहिला. मधूनमधून उठून जात होता, पण परत येत होता. तो आला की ती काय काय निघून गेलं ते सांगायची.

घरी आल्यावर डेपोतली मंडळी प्रवासाचं ऐकायला जमली. त्याच्या गाडीवर वर्षानुवर्षं राहिलेला कंडक्टर सगळ्यांत पुढं. “काय अलगद,” तो म्हणाला, “कॅप्टनला चार गोष्टी शिकवून आलास की नाही? वजन उतरलेलं दिसतंय तुझं. आजारी होतास का?”

 तेवढ्यात आतून चहा घेऊन आलेली बायको सहज म्हणाली, “आजारी मी होते. मला बोट लागली हो, अगदी हैराण झाले. यांनीच सांभाळलं, जागरणं केली. म्हणून उतरलेत.”

सगळे तिच्याकडे कौतुकानं आणि थोडं कीव करत बघायला लागले. कंडक्टर म्हणाला, “वहिनी, तुम्ही ड्रायव्हरच्या बायको, तुम्हाला अशी बोट लागून कसं चालेल?” आणि मंडळी हसली. तीही हसली. तिचं ते हसणं अलगदला बघवेना.

त्यानं कप खाली ठेवला. “तिला नाही लागली,” तो म्हणाला. “मला लागली. मला बस पण लागते. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आपल्याच डेपोच्या बसनं डोंगरावर जातोय, आणि मी चालवणार नाहीये. मी बसणार आहे.”

 कंडक्टरच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून गेलं.

बायको ट्रे हातात धरून दारात उभीच राहिली. मग म्हणाली, “खिडकी मात्र मला हवी.”