ऋताचे उमय्यद

ऋता बोलायला लागली की तेराशे वर्षांपूर्वीच्या उमय्यद खलिफांचं राज्य शेजारच्या ब्लॉकमध्येच आहे असं वाटायचं. अरबांनी दमास्कस घेतलं, सिंधपासून स्पेनपर्यंत हातपाय पसरले. पण कचेऱ्यांत कितीतरी वर्षं कारकून मात्र जुनेच, ग्रीक नि फारसी लिहिणारे. राज्य यांचं आणि कारभाराची भाषा त्यांची! पुढं अब्दुल मलिक खलिफानं अरबी आणली, नाणीही बदलली.

परदेशात, बुकित बातोकमध्ये राहून तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करणाऱ्या या पुण्याच्या पोरीला हे सगळं शिकवलं नूरैनीनं. नूरैनी तिची सहसंशोधक, इथलीच मलय. अरबी अक्षरं गिरवण्यापासून तिनंच हात धरला. दोघींचा लेख छापून आला, चांगला नावाजला गेला.

ही बातमी मराठी मंडळाच्या संजीवनीताईंना लागली. गणपतीत ऋताचा सत्कार करायचं ठरलं. तिनं लगेच नूरैनीलाही आमंत्रण देऊन टाकलं. मग ताईंचा फोन आला, "विषय नक्की काय गं तुझा?"

आता साधा प्रश्न. पण कुठून अवदसा आठवली कोण जाणे! इस्लामी राज्य म्हटलं की चार जण नाकं मुरडतील, पुण्यात आईच्या कानावर जाईल, या धास्तीनं बाईसाहेब बोलून गेल्या, "मराठेशाहीचा कारभार."

नूरैनी आली. ठेवणीतला मलय पोशाख, बाजू कुरुंग, घालून पहिल्या रांगेत बसली. शाल झाली, श्रीफळ झालं. "मराठेशाहीच्या तरुण अभ्यासक," असं ताईंनी माइकवर खणखणीत सांगितलं. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या नूरैनीनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. ऋताला मान वर करवेना.

कार्यक्रम संपल्यावर नूरैनी धावतच आली. इंग्रजीत म्हणाली, "दमास्कसचं नाव काही ऐकू आलं नाही मला. काय म्हणाल्या त्या आपल्या कामाबद्दल?"

खरं सांगायची वेळ हीच होती.

"कौतुक केलं. दोघींचंही."

नूरैनीचे डोळे भरून आले. "खरं सांगू? तू इथं आपला विषय लपवशील असं वाटलं होतं मला. तुझ्याबद्दल असं मनात आणलं, लाज वाटते गं. माफ कर मला."

ऋताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही सांगता आलं असतं. पण नाही! नारळ छातीशी धरून ती म्हणाली, "असू दे गं." तिनं नूरैनीला माफ करून टाकलं.