झडप मिटताना

झडपांच्या, म्हणजे पाण्याच्या व्हॉल्व्हच्या, कारखान्यात तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत, तेही नाक मुरडून. झडप घडवण्याआधी ती पाण्यासकट संगणकावर मिटवून बघायची, हे तिचं काम. झडपेतली पाणी अडवणारी चकती रबराच्या बैठकीला टेकली आणि मधलं पाणी संपलं की संगणकाचं गणित कोलमडायचं, म्हणून आधीचे लोक गणितात केसभर फट ठेवून मोकळे व्हायचे. बाईने आठ महिने डोकेफोड करून ती फट मिटवली, तेव्हा दिसलं की मिटता मिटता चकती थरथरते आणि बैठकीवर आपटत राहते.

"ही बैठक टिकणार नाही," ती म्हणाली.

"तुमची रंगीत चित्रं ठेवा गुंडाळून," साहेब खेकसले. "वीस वर्षं झडपा विकतोय मी. मंजुरीच्या कागदावर सही करा."

"नाही करणार."

साहेबांनी स्वतःच सही ठोकली. चाचणीत चौथ्यांदा मिटताना बैठक फाटली आणि पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या तोंडावर आली.

"रबरच भिकार होतं!" ते निथळत ओरडले.

"मी गणितात तेच रबर घेतलं होतं," बाई म्हणाली.

त्या दिवसापासून साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. बैठक मात्र मुकाट्याने तिच्याच आकड्यांवरून बदलली, कागदावर तिचं नाव न घालता. बाईलाही त्यांचं तोंड बघायची हौस नव्हतीच.