वीतभर अलीकडे

तिसऱ्या चढाईतही हरेशचा पाय रेषेच्या अलीकडेच पडला. पंचांनी मान हलवली. शेजारी बसलेले आमचे क्रीडा अधिकारी साहेब माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हाच ना तुमचा बोनसचा बादशहा?"

बादशहा हा शब्द माझ्याच रिपोर्टमध्ये होता.

आमच्या कंपनीची कबड्डीची टीम होती. कॉलेजांतून चांगला खेळाडू हेरायचा, ट्रायल घ्यायची, पास झाला तर टीममध्ये जागा आणि कायमची नोकरी. हेरायचं काम माझं. त्या वर्षी जागा एकच होती.

बोनस म्हणजे काय, ते सांगतो. समोरच्यांच्या अंगणात खोलवर एक रेषा असते. चढाई करणाऱ्याने तिच्या पलीकडे एक पाय टेकवायचा, त्या क्षणी दुसरा पाय हवेत हवा. कोणाला शिवलं नाही तरी एक गुण. हे काम धिप्पाड गड्याचं नाही, चपळाचं आहे.

हरेश भिवंडीजवळच्या वळ गावचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. उंची बेताची, वजन त्याहून बेताचं. पण गावच्या मैदानावर तापल्या तव्याला लागल्यासारखा पाय टेकवायचा नि काढायचा. मी तिथेच भाळलो. त्याच्या कॉलेजचे सर म्हणाले होते, "गावात खेळतो, बाहेर घाबरतो. आम्ही त्याला बसवूनच ठेवतो." मी ते कानाआड केलं. भाळलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

ट्रायल संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"काय झालं रे?"

"म्हाईत न्हाय, सर. भायेर आलो का असंच होतं. भीती वाटत असंल."

"वाटते का?"

"तशी न्हाय वाटत. पन सगले म्हनतात, म्हंजे असंल."

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "रिमार्क लिहा. प्रेशर झेपत नाही." मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, सहीसकट.

घरी जेवताना तिन्ही चढाया पुन्हा डोळ्यांसमोर आल्या. मी स्वतः पंधरा वर्षं खेळलोय. घाबरलेल्याचा पाय कसाही पडतो, कधी हातभर अलीकडे, कधी आडवा. हरेशचा पाय तिन्ही वेळा वीतभरच अलीकडे पडला होता. इतकी नेमकी भीती मी कधी पाहिली नव्हती.

रविवारी टेप घेऊन वळ गावी गेलो. हरेशला लहानपणापासून शिकवणारे काळूरामदादा मैदानावरच होते. जागा त्यांचीच, गावच्या पोरांना खेळायला दिलेली.

"टेप कशाला, सर? दोरी हाय ना." त्यांनी खुंटीवरची दोरी काढली. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली ही दोरी ताणायची आणि गाठीगाठीला चुन्याने रेषा मारायची, अशी तिथली रीत.

मी टेप लावली. मधल्या रेषेपासून बोनसच्या रेषेपर्यंत मोजलं. वीतभर कमी भरलं. पुन्हा मोजलं. तेवढंच.

"दादा, या गाठी कधी मारल्या?"

"गोडाऊन बांधला तवा भिंत जरा आत आली. मंग गाठी सरकवल्या थोड्या थोड्या. सात-आठ वर्सं झाली."

"गोडाऊन कोणाचं?"

दादांनी भिंतीकडे पाहिलं. "आमचाच हाय."

मग ते तिथेच खाली बसले. बराच वेळ दोरी हातात फिरवत होते. "भायेर चुकला का मीच वरडायचो त्याला, सर. भित्रा म्हनायचो. चार पोरांदेखत."

सोमवारी साहेबांसमोर उभा राहून सगळं सांगितलं. 

"टेप घेऊन गेलात? तुम्ही सिलेक्टर आहात की सर्व्हेअर?"

"रिमार्क खोडायचाय, साहेब."

त्यांनी मला चांगलं खालीवर न्याहाळलं. "एक महिना. नंतर पुन्हा ट्रायल. पुन्हा चुकला तर रिमार्क राहील आणि तुम्ही माझ्याशी हुज्जत घालायची नाही."

भिंत काही हलणार नव्हती. दादांनी गोडाऊनसमोरच्या ट्रकच्या जागेत नवं मैदान आखलं, टेपने. गोडाऊन भाड्याने घेतलेले शेठ कळवळले, "दादा, माल कहाँ उतारूँ?"

"रोड पे. इधर हमारा लडका खेलता है."

महिन्याने ट्रायल. पहिल्या चढाईत पाय नेमका रेषेवर पडला. रेषेवरचा पाय धरत नाहीत. दुसऱ्या चढाईत स्वच्छ पलीकडे! पंचांचा अंगठा वर गेला. तिसऱ्यात आमच्या दोघा गड्यांनी त्याला कोपऱ्यात गाठलं, तर दोघांच्या मधून निसटून, शिवून परत. तोकड्या मैदानात सात जणांच्या गर्दीतून सुटायची सवय झालेली, त्याला आमचं मैदान मोकळं माळरान वाटत असणार. हे माझ्या रिपोर्टमध्ये नव्हतंच.

साहेब एवढंच म्हणाले, "घ्या."

मी हरेशला बोलावलं आणि त्याच्यासमोर जुना फॉर्म काढला. 'प्रेशर झेपत नाही' यावर आडवी रेघ मारली, खाली सही केली. मला वाटलं, तो नोकरीचं विचारील.

"सर, म्हंजे मी भित्रा नव्हतो?"

"नव्हतास रे."

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. माझेही भरून आले होते. मी फॉर्म नीट लावायच्या निमित्ताने खाली बघत राहिलो.

आता मी निवृत्त आहे. कोणी बोलावलं तर अजून खेळाडू बघायला जातो. आधी मैदान मोजतो. माणसाच्या काळजाबद्दलचा रकाना सगळ्यात शेवटी भरतो, तोही पेन्सिलने.